चिकटवायचं ते सोडवताही आलं पाहिजे

ऑगस्ट २०१४. कैरोच्या तहरीर चौकातल्या इजिप्शियन म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या सोन्याच्या मुखवट्याच्या काचपेटीतल्या दिव्यांचं काम निघालं होतं. त्या हलवाहलवीत मुखवट्याच्या हनुवटीखालची लांब, गुंफलेली दाढी निखळली. मुखवटा दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा आणि दाढी एकटीच अडीच किलोंची. जगातली बहुधा सर्वांत ओळखीची पुराणवस्तू अशी दोन तुकड्यांत समोर आल्यावर कुणाचेही हातपाय गळतील. तिथल्या मंडळींनी हाताशी होतं ते एपॉक्सी घेतलं, दाढी चिकटवली आणि मुखवटा पुन्हा जागेवर ठेवला.

जानेवारी २०१५ मध्ये बातमी फुटली. दाढी आणि हनुवटीच्या मधे पिवळट गोंदाची रेघ दिसत होती आणि सांडलेला गोंद खरवडताना सोन्यावर ओरखडेही उठले होते. वर्षभराने म्युझियमच्या आठ कर्मचाऱ्यांवर कारवाई सुरू झाली. जगभर टिंगल झाली ती ‘राजाची दाढी फेविक्विकने चिकटवली’ अशा थाटाची. संवर्धनाचं काम करणाऱ्यांना मात्र हसू आलं नाही. दाढी निखळणं हा अपघात होता, तो कुठेही होऊ शकतो. त्यांना झोंबलं ते एपॉक्सी.

एपॉक्सीत दोन द्रव एकत्र येतात आणि त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन रेणूंचं सगळीकडून जखडलेलं जाळं तयार होतं. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही आणि साध्या द्रावकात विरघळतही नाही. बाथरूमच्या फरशीला हा गुण उत्तम. पण म्युझियममध्ये नेमका हाच दोष, कारण उद्या कुणाला जोड उघडावा लागला तर गोंद आधी सुटेल की वस्तू आधी तुटेल, याची खात्री उरत नाही.

पुढे काम आलं ते जर्मनीतल्या माइन्झचे ख्रिस्तियन एकमान यांच्याकडे. प्राचीन धातू आणि काच हा त्यांचा विषय. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी हात घातला. एपॉक्सीला किंचित ऊब देऊन ते मऊ करायचं आणि लाकडी काड्यांनी कणाकणाने खरवडायचं, असं ते काम. लाकडीच काड्या, कारण धातूचं हत्यार सोन्यावर ओरखडा ओढतं. दाढी सुटली, तिच्या आतली नळी आणि जोडाची रचना नीट पाहता आली आणि मग प्रश्न आला : आता कशाने बसवायची? त्यांनी निवडलं मधमाशीचं मेण, कारण इजिप्तच्या कारागिरांनीही मेणच वापरलं होतं. डिसेंबरात मुखवटा पुन्हा लोकांसमोर आला.

मला या प्रकरणात सर्वांत मजेचं वाटतं ते हे, की तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा उपाय आधुनिक संवर्धनाच्या कसोटीला उतरला आणि २०१४ चा उतरला नाही. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं. उद्या कुणाला दाढी काढायची झाली तर ऊब दिली की झालं. संवर्धकांच्या धंद्यातला पहिला नियम हाच, की आपण वस्तूत जे घालू ते आपल्या मागून येणाऱ्याला काढता आलं पाहिजे. बाकीचे बहुतेक नियम या एकातून निघतात.

आता या दाढीचा आधीचा इतिहासही काही फार सभ्य नाही. ब्रिटिश उत्खननकर्ता हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तुतनखामेनच्या थडग्याची पहिली पायरी सापडली, पण ममीपर्यंत पोचायला १९२५ उजाडलं. सोन्याची सर्वांत आतली शवपेटी उघडली तर आत वेगळंच संकट होतं. अंत्यविधीत ममीवर राळमिश्रित सुगंधी तेलं अक्षरशः ओतली होती. ती शतकानुशतकं घट्ट होऊन डांबरासारखी काळी झाली होती आणि त्यांनी ममी, मुखवटा, शवपेटी सगळं एकमेकांना जखडून टाकलं होतं. कार्टरने आधी सगळं लक्सरच्या उन्हात ठेवलं. पासष्ट अंशांपर्यंत तापलं, तरी ढिम्म. शेवटी ममीचे अवयव सुटे करावे लागले आणि डोकं तापवलेल्या सुऱ्यांनी मुखवट्यातून सोडवलं. मग सोन्याच्या शवपेटीला आतून जस्ताचे पत्रे लावून, पेट्या पालथ्या टांगून, खाली प्रायमसचे स्टोव्ह भडकवले. उष्णता पाचशे अंशांच्या आसपास. वरून ओल्या घोंगड्या. कित्येक तासांनी राळ पाझरू लागली. या सगळ्या धगीत मुखवट्यातले काचेचे जडाव निखळले, ते नंतर बसवावे लागले. दाढीही सुटी झाली आणि बरीच वर्षं मुखवटा दाढीविनाच प्रदर्शनात होता. ती परत बसवली गेली १९४० च्या दशकात.

हे वाचून कार्टरला शिव्या घालाव्याशा वाटतात. थोडं थांबू या. त्याच्या हाताखाली अल्फ्रेड लुकास हा रसायनतज्ज्ञ होता आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दिलेला आर्थर मेस होता. जवळच्याच दुसऱ्या सेती राजाच्या रिकाम्या थडग्यात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि पाच हजारांहून अधिक वस्तू दहा वर्षं खपून बाहेर काढल्या. त्या काळातल्या कितीतरी उत्खननांत सोनं उचलायचं आणि बाकीचं फेकायचं अशीच रीत होती. इथे एकेका मण्याची नोंद झाली.

मण्यांवरून एक उदाहरण. एका रंगवलेल्या पेटीत मण्यांनी मढवलेले दरबारी जोडे होते. दिसायला नवेकोरे. पण मणी ज्या दोऱ्यात ओवले होते तो दोरा कुजलेला. हात लावला की जोड्याऐवजी ओंजळभर सुटे मणी हाती येणार आणि कुठला मणी कुठे होता हे कायमचं जाणार. तेव्हा काय केलं, तर तिथेच प्रायमस पेटवला, मेण पातळ केलं, जोड्यांवर ओतलं आणि थंड होऊ दिलं. मग अख्खा जोडा वडीसारखा उचलता आला. एरवी नाजूक कापडावर, वाळलेल्या फुलांच्या गुच्छांवर ते सेल्युलॉइडचं द्रावण फवारत. जे चामडं दमट हवेने आधीच काळं, चिकट, लोण्यासारखं लिबलिबीत झालं होतं, त्याला मात्र काहीच करता आलं नाही.

त्या मेणाची दुसरी बाजू शंभर वर्षांत दिसली. मेणाला धूळ चिकटते. वस्तू काळवंडते, रंग झाकले जातात. त्यामुळे गिझाच्या पिरॅमिडांजवळच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमच्या प्रयोगशाळांमध्ये तुतनखामेनचा खजिना आला तेव्हा कामाचा एक मोठा भाग होता जुनं मेण काढणं. म्हणजे इजिप्शियन कारागिराच्या कामाआधी लुकासचं काम हाताळायचं. त्यात मेण सगळं काढायचं का, हाही प्रश्नच असतो. कुठे कुठे तेच वस्तूला धरून ठेवतंय. आणि लुकासचा हस्तक्षेप हासुद्धा आता वस्तूच्या चरित्रातला भाग झालाय. यावर संवर्धकांची भांडणं होतात आणि मला ती योग्यच वाटतात.

मुळात या वस्तू बिघडतात कशाने? वाळवंटात तीन-चार हजार वर्षं टिकलेली गोष्ट म्युझियममध्ये शंभर वर्षांत का ढासळावी? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : ओल, आणि त्याहून वाईट म्हणजे ओलीतली चढउतार. वाळूखाली किंवा बंद थडग्यात हवा सहसा वर्षानुवर्षं एकसारखी असते. वस्तूने त्या हवेशी जुळवून घेतलेलं असतं. बाहेर काढलं की पावसाळा, उन्हाळा, हीटर, एसी, हजारो माणसांचा श्वास. रंगवलेल्या लाकडी शवपेटीत लाकूड, त्यावर तागाचं कापड, त्यावर खडूचा आणि सरसाचा गिलावा, वर रंग, कधी सोन्याचा वर्ख असे थर असतात. ओल वाढली की लाकूड फुगतं, कमी झाली की आक्रसतं. गिलावा मात्र ताठ. तो लाकडाबरोबर हलू शकत नाही, म्हणून तडकतो आणि त्याचे पोपडे उभे राहतात. तुतनखामेनची सोनेरी मुलाम्याची सर्वांत बाहेरची शवपेटी २०१९ पर्यंत थडग्यातच होती. थडग्यात रोज पर्यटकांची रीघ. त्या वर्षी ती पहिल्यांदा बाहेर काढून प्रयोगशाळेत आणली, तेव्हा मुलाम्याला सगळीकडे भेगा होत्या.

दगडाचं दुखणं निराळं. इजिप्तच्या चुनखडीत मीठ असतं, काही दगडातच, काही जमिनीतून चढलेलं. हवा दमट झाली की ते विरघळतं, कोरडी झाली की पृष्ठभागाखाली त्याचे स्फटिक होतात आणि स्फटिकाला जागा लागते. पावसाळ्यानंतर भिंतीला लोणा फुटून रंग सुटतो ना, तेच. फरक एवढाच, की इथे त्या रंगाच्या जागी चार हजार वर्षांपूर्वीचं कोरीव काम असतं. लंडनच्या ओल्या हवेत ब्रिटिश म्युझियममधल्या चुनखडीच्या शिळांचं हेच झालं. उपाय म्हणून दगड पाण्यात भिजत ठेवून मीठ काढायची पद्धत पूर्वी सर्रास होती. ती काही दगडांना मानवली. ज्यांत चिकणमातीचं प्रमाण जास्त होतं, त्यांना तेच पाणी भोवलं, कारण ती माती फुगते आणि दगड आतून फुटतो. आता आधी दगड तपासतात आणि शक्यतो पाण्याच्या वाटेला न जाता कोठारातली हवाच स्थिर ठेवतात.

ब्राँझच्या मूर्तींचं असंच. साधा हिरवा कळंक फारसा वाईट नसतो, तो उलट खालच्या धातूला राखतो. भीती असते ती फिकट हिरव्या, पिठासारख्या ठिपक्यांची. धातूत अडकलेल्या क्लोराइडला ओल मिळाली की तांबं खाल्लं जातं, त्यातून पुन्हा क्लोराइड सुटं होतं आणि ते पुढचं तांबं खातं. धातूला लागलेली ही कीडच. थांबवायची तर मूर्ती कोरड्या हवेत ठेवायची. इजिप्तच्या बास्तेत देवीचं ब्राँझचं मांजर ज्या पेटीत बसलेलं असतं, तिच्या तळाशी अनेकदा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा कप्पा दडवलेला असतो.

आणि प्रकाश. प्रकाशाचं नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जातं. पिवळ्या रंगासाठी इजिप्शियन चित्रकार हरताळ वापरत, तांबड्या-नारिंगीसाठी मनशीळ. दोन्ही आर्सेनिकची खनिजं, दोन्ही उजेडात उडतात. म्हणून पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला इजिप्तचा कागद, असलेल्या दालनात शिरलं की वीज गेल्यासारखं वाटतं. पन्नास लक्स (लक्स हे उजेडाचं माप) हा अशा वस्तूंसाठीचा नेहमीचा मापदंड. लोक कुरकुरतात, फोटो नीट येत नाहीत म्हणून. ब्रिटिश म्युझियमने १८८८ मध्ये मिळवलेली, अनी नावाच्या प्राचीन लेखनिकाची पपायरसची सुरळी जवळपास चोवीस मीटर लांब होती. ती उलगडल्यावर वॉलिस बज या विद्वान गृहस्थाने तिचे साधारण सारख्या लांबीचे ३७ तुकडे कापले. मजकूर कुठे संपतो, चित्र कुठे संपतं हे न बघता. अशा कामाला सोडवणूक नाही.

मग आजचा संवर्धक टेबलाशी बसून नक्की करतो काय? बाहेरच्याला वाटतं तितकं नाट्य त्यात नसतं. शवपेटीवरचा एक पोपडा घ्या, नखाएवढा. सूक्ष्मदर्शकाखाली तो एका बाजूने उचललेला दिसतो. त्याखाली अगदी बारीक ब्रशने किंवा सुईने चिकट द्रावणाचा एक थेंब सोडायचा. द्रावण पातळ हवं म्हणजे ते आत ओढलं जाईल, पण इतकं पातळ नको की रंगावर डाग पसरेल. मग वरून जपानी कागदाचा तुकडा ठेवून हलका दाब. थांबायचं. पुढचा पोपडा. अशा एका पेटीवर हजारो पोपडे असतात. चिकटवण्यासाठी सेल्युलोजपासून केलेली खळ किंवा ॲक्रिलिक राळ वापरतात. पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ जगभरच्या प्रयोगशाळांत हमखास दिसते. तिचं कौतुक एवढ्यासाठीच, की ती पिवळी पडत नाही म्हणावी इतकी स्थिर आहे आणि नंतर ॲसिटोनने विरघळवून काढता येते.

साफसफाईचं एक साधन सांगितलं तर पुष्कळांना किळस येते : थुंकी. कापसाचा बोळा जिभेला लावून रंगावरची काजळी पुसायची पद्धत खरीखुरी आहे. लाळेत पाणी असतं, त्याशिवाय विकरं असतात, ती चिकट मळ सैल करतात, आणि ती रंगाला फारशी बोचत नाही. महागडी द्रावकं जिथे जास्त जोर करतात तिथे बोळा आणि थुंकी भागवते. हल्ली प्रयोगशाळेत कृत्रिम लाळही वापरतात.

हात लावण्याआधी पाहणं मात्र फार बदललंय. पूर्वी ममी गुंडाळीतून सोडवून बघत. एकोणिसाव्या शतकात तर युरोपात लोक तिकीट काढून हा प्रकार बघायला येत. आता सीटी स्कॅन करतात आणि एक पट्टीही न हलवता आतली हाडं, ताईत, दात दिसतात. मला सर्वांत आवडणारी युक्ती इजिप्शियन निळ्याची. वाळू, चुना आणि तांबं भाजून केलेला हा बहुधा जगातला पहिला कृत्रिम रंग. त्यावर साधा प्रकाश पाडला की तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत चमकतो. योग्य कॅमेरा लावला की बाकी सगळं काळं आणि निळ्याचा कण न् कण पांढरा झगझगीत. पूर्ण उडालेल्या चित्रातली राजाची पगडी किंवा आकाशाचा पट्टा त्या कणांवरून ओळखता येतो. साफसफाई करणाऱ्यालाही हे उपयोगी, कारण जिथे डोळ्यांना नुसती धूळ दिसते तिथे रंग असल्याचं आधीच कळतं.

ममींच्या बाबतीत कीड आणि बुरशी ही मोठी डोकेदुखी. दुसऱ्या रामसेसच्या ममीवर बुरशी धरली म्हणून १९७६ मध्ये तिला विमानाने पॅरिसला नेलं. तिथे महिनोन्‌महिने तपासण्या झाल्या आणि शेवटी गॅमा किरणांचा मारा करून बुरशी मारली. १९७७ मध्ये राजा घरी परतला. पुढे अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेने इजिप्तसोबत नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेट्या तयार केल्या. प्राणवायूच नाही, तर कीड जगणार कशी? ३ एप्रिल २०२१ रोजी बावीस राजे-राण्यांच्या ममी कैरोच्या रस्त्यांवरून वाजतगाजत इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या, तेव्हाही त्या नायट्रोजनच्या कुप्यांतच होत्या.

आपल्याकडेही काही ममी आहेत, कोलकाता, हैदराबाद, जयपूर, बडोदा वगैरे ठिकाणी. बडोद्याची सयाजीराव गायकवाडांच्या काळात आलेली. हैदराबादच्या ममीसाठी अलीकडच्या वर्षांत प्राणवायूविरहित पेटी केली गेली. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत पाणी शिरलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काच फोडून ममी उचलली आणि वाचवली. संवर्धनाच्या पुस्तकात काच फोडणं बसत नसेल, पण त्या दिवशी तेच बरोबर होतं. २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियम आणि बर्लिनच्या संग्रहालयांकडून इजिप्तचीही शिल्पं आली होती. मुंबईची खारी दमट हवा लक्षात घेतली, तर अशा उसनवारीच्या वस्तूंसाठी हवेचं गणित जुळवणं हेच निम्मं काम असतं.

एक प्रश्न राहिला : तुटलेलं किती पूर्ण करायचं? माझ्या मते याचं सर्वांत देखणं उत्तर खुफू राजाची नौका देते. १९५४ मध्ये मोठ्या पिरॅमिडच्या पायथ्याशी खडकातल्या बंद खंदकात ती सापडली. लेबनॉनच्या देवदाराची, पण सुटी करून रचून ठेवलेली : १२२४ तुकडे. जोडायचं काम अहमद युसुफ मुस्तफा यांच्याकडे आलं. त्यांना नौकाबांधणी येत नव्हती. ते नाईलकाठच्या सुतारांकडे जाऊन बसले, होड्या कशा बांधतात ते शिकले, छोट्या प्रतिकृती केल्या. काही फळ्यांवर प्राचीन सुतारांनी खुणा कोरल्या होत्या, पुढच्या टोकाची की मागच्या, डावी की उजवी. त्या वाचत वाचत नौका अनेकदा जोडली, चुकली, सोडली, पुन्हा जोडली. दशकाहून जास्त काळ गेला. तिचे सांधे खिळ्यांचे नाहीतच. फळ्या दोरीने शिवलेल्या, म्हणूनच त्या सोडून पुन्हा जोडता आल्या. (शिवलेल्या जहाजांची विद्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही होती. गोव्यात त्याच पद्धतीने बांधलेलं आयएनएसव्ही कौंडिण्य २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं.) त्रेचाळीस मीटरांहून लांब असलेली ही नौका ऑगस्ट २०२१ मध्ये अख्खी ग्रँड इजिप्शियन म्युझियमला हलवली.

तिच्या शेजारच्या खंदकात दुसरी नौका होती. तिचं लाकूड मात्र ओल आणि किड्यांनी पार खिळखिळं झालेलं. जपानच्या वासेदा विद्यापीठाच्या साकुजी योशिमुरा यांच्या पथकाने आणि इजिप्शियन संवर्धकांनी ती तुकड्यातुकड्याने वर काढली, प्रत्येक तुकडा खंदकाच्या काठावरच आधी बळकट करून. सुमारे सतराशे तुकडे. २०२५ च्या डिसेंबरात ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत तिची जोडणी सुरू झाली. तिकीट काढून आत गेलेल्याला आता पहिली नौका पूर्ण झालेली दिसते आणि दुसरीच्या सांगाड्याभोवती, हातमोजे घातलेली माणसं कुठली फळी कुठे जाते यावर वाद घालताना.